तीरकमानीवरील नाव आणि टिकाऊ शाई : एक ऐतिहासिक विचार

मराठीतील 'शाई' हा शब्द फारसी 'सियाही'वरून आला आहे. 'सियाह' म्हणजे काळा. 'तीर' आणि 'कमान' हेही फारसीच. आज मराठीत कमान म्हटले की दरवाजावरची अर्धगोल बांधणी डोळ्यांपुढे येते, परंतु शब्दाचा मूळ अर्थ धनुष्य असाच आहे. या तिन्ही शब्दांना जोडणारा एक छोटासा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे. हाताने घडवलेल्या लाकडी धनुष्यावर आणि बाणावर नाव लिहायचे, तर कोणती शाई टिकते आणि का टिकते?

प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्याची किंमत वेगळी आहे. ज्या वस्तूवर कारागिराचे नाव व साल आहे, ती वस्तू स्वतःच दस्तऐवज ठरते. ज्या वस्तूवरील नाव पुसले गेले, तिच्याविषयी केवळ तर्क उरतो.

नाव कशासाठी?

बाणावर नाव घालण्याचे पहिले कारण श्रेयाचे आहे. जपानच्या 'हेइके मोनोगातारी' या युद्धगाथेत दान-नो-उरा येथील ११८५ च्या लढाईचे वर्णन आहे. त्यात वादा योशिमोरी या वीराच्या बाणावर, टोकाजवळच्या वेटाळीपासून मूठभर अंतरावर, त्याचे नाव लाखेसारख्या जपानी रोगणाने लिहिलेले होते असे येते. शत्रूने बाण उचलावा आणि तो कोणी मारला हे वाचावे, हा हेतू उघड आहे. गाथा म्हणजे प्रत्यक्ष पुरावा नव्हे. तरीही बाणावर नाव लिहिण्याची रीत श्रोत्यांना परिचित होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

दुसरे कारण कारागिरीचे. उस्मानी तुर्कांच्या धनुष्यांवर 'अमल-ए' म्हणजे 'अमक्याची कृती' अशा शब्दांनंतर कारागिराचे नाव, आणि बहुधा हिजरी सालही आढळते. इस्तंबूल शहरात सुलतान मुहंमद दुसरा याने १४५३ च्या विजयानंतर तिरंदाजीसाठी ओकमेयदान नावाचे मैदान राखले. तेथे दूर पल्ल्याच्या नेमबाजीचे विक्रम शिलालेखांवर कोरले जात. सुलतान महमूद दुसरा (कारकीर्द १८०८ ते १८३९) याच्या इच्छेवरून मुस्तफा कानी यांनी या कलेवर ग्रंथ रचला. पुढे १९३४ मध्ये अमेरिकेतील पॉल क्लॉपस्टेग यांनी तुर्की तिरंदाजीवरील आपल्या पुस्तकात त्याचा आधार घेतला. या धनुष्यांना कालक्रमाने लावणे अभ्यासकांना शक्य होते, त्यात या लेखनाचा वाटा मोठा आहे.

तिसरे कारण आजचे आहे. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमानुसार खेळाडूच्या प्रत्येक बाणाच्या दांड्यावर त्याचे नाव किंवा आद्याक्षरे असावी लागतात. एका लक्ष्यावर अनेकांचे बाण लागतात, तेव्हा गुण कोणाचे हा वाद या अक्षरांनी मिटतो.

दोन शाया

अरबी लेखनविद्येत शाईचा विचार फार बारकाईने झाला आहे. अकराव्या शतकातील झीरी सुलतान मुइज्ज इब्न बादीस यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या 'उम्दतुल कुत्ताब' या ग्रंथात शाईच्या अनेक कृती दिल्या आहेत. अल-कलकशंदी (मृत्यू १४१८) यांनी 'सुबहुल आशा' या ग्रंथात शाईचे दोन वर्ग सांगितले : कागदासाठी काजळीची आणि चर्मपत्रासाठी माजूफळाची. म्हणजे शाईची निवड लिहिण्याच्या पृष्ठभागावरून करावी, हे सूत्र त्यांनी सहाशे वर्षांपूर्वी मांडले होते.

काजळीची शाई म्हणजे दिव्याची काजळी आणि बाभळीच्या जातीचा डिंक. काजळी हा शुद्ध कर्ब. त्यावर ऊन, हवा किंवा काळ यांचा परिणाम होत नाही. उर्दूत शाईला 'रोशनाई' म्हणतात आणि ती दिव्याच्या धुरातून तयार होते, हा योग लक्षात राहण्याजोगा आहे. परंतु या शाईचा दुबळेपणा काजळीत नसून डिंकात आहे. डिंक पाण्यात विरघळतो. कागद हाती घेणाऱ्याचे हात कोरडे असतात; धनुष्य धरणाऱ्याच्या हाताला घाम असतो आणि बाण दवात पडतो. त्यामुळे रंग कायमचा असूनही अक्षर कायमचे राहत नाही.

माजूफळाची शाई याच्या उलट. माजूफळातील तुरट द्रव्य आणि हिराकस यांचा संयोग झाला की प्रथम फिकट दिसणारे अक्षर हवेने काळे होते. ही शाई पृष्ठभागात मुरते, पाण्याने सहज जात नाही. मात्र ती आम्ल आहे, काळाच्या ओघात तपकिरी पडते आणि कागद खाते. जुन्या दस्तांमध्ये अक्षरांच्या जागी पडलेली छिद्रे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. शिवाय ज्या लाकडात तुरट द्रव्य भरपूर असते ते लाकूड नुसत्या लोहक्षारानेही काळे पडते. तेव्हा अक्षराभोवती डाग पसरण्याचा धोका राहतो.

बिब्बा आणि जपानी रोगण

जपानी बाणावरील नाव रोगणाने लिहिले होते, हे महत्त्वाचे आहे. 'उरुशी' या झाडाचा चीक दमट हवेत घट्ट होतो आणि एकदा घट्ट झाला की पाणी, घाम व बहुतेक द्रावके त्याला हलवू शकत नाहीत. येथे रंग आणि त्याला धरून ठेवणारे द्रव्य एकजीव होते.

याच झाडाच्या कुळातला एक वृक्ष आपल्या परिचयाचा आहे, तो म्हणजे बिब्बा. धोबी कपड्यावर खूण करण्यासाठी बिब्ब्याचा रस वापरीत आणि चुन्याने ती खूण पक्की करीत. त्याच्या शास्त्रीय नावातील 'सेमेकार्पस' या शब्दाचा अर्थच 'खुणेचे फळ' असा आहे. बिब्ब्यातील दाहक द्रव्य आणि उरुशीतील द्रव्य रासायनिकदृष्ट्या जवळचे नातलग आहेत. म्हणूनच आपल्याकडे बिब्बा उततो आणि जपानी रोगणकाराच्या अंगावरही तसेच फोड येतात. आज कोणी बिब्ब्याने लिहावे असे सुचवायचे नाही. परंतु घाटावरच्या धोब्याने आणि जपानी बाणकाराने एकाच जातीच्या द्रव्यावर भरवसा ठेवला, ही गोष्ट तुलनात्मक अभ्यासाला उपयोगी आहे.

शाईइतकाच क्रम महत्त्वाचा

उस्मानी कारागिराने वेगळी वाट धरली. मेपलचे लाकूड, म्हशीचे शिंग आणि स्नायूतंतू सरसाने जोडून केलेल्या धनुष्यावर कातडे किंवा झाडाची साल चढवीत, त्यावर रंगकाम व लेखन करीत आणि सर्वांवर रोगण देत. अक्षर दोन थरांच्या मध्ये सुरक्षित राही. खालचा थर शाईला लाकडाच्या रेषांतून पसरू देत नाही आणि वरचा थर घामापासून वाचवतो.

धनुष्यकाराला चित्रकाराचे ज्ञान का लागे, हे यावरून कळते. कच्छमधील मुस्लिम कमंगर समाजाचे उदाहरण बोलके आहे. त्यांचा मूळ व्यवसाय धनुष्ये करण्याचा. पुढे हेच लोक घरांच्या भिंती रंगवू लागले आणि 'कमंगरी' ही चित्रशैली नावारूपाला आली. शस्त्राची गरज संपली, पण रंग-रोगणाचा हात राहिला.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात मी होतो. तेथे एका कुटुंबाने जुने धनुष्य व काही बाण भेट दिले. धनुष्याच्या मुठीजवळ फारसी लिपीत फिकट काळे लेखन होते. स्वच्छतेसाठी ते ओल्या फडक्याने पुसण्यात आले. नंतर बाणांवर नोंदणी क्रमांक मार्कर पेनने लिहून वरून स्पिरिटमधील लाखेचे पॉलिश दिले गेले. क्रमांक निळसर डाग होऊन पसरले आणि मुठीवर दोन अक्षरे उरली. मी समोर होतो आणि थांबवले नाही, कारण मला तेव्हा हे ठाऊक नव्हते. ते नाव वाचण्याचे काम आम्ही पुढच्या आठवड्यावर टाकले होते.

झालेल्या चुकीचे शास्त्र सोपे आहे. डिंकाची शाई पाण्याने गेली आणि स्पिरिटमध्ये विरघळणारी शाई स्पिरिटने. यातून एकच नियम निघतो : वरच्या लेपाच्या द्रावकात जी शाई विरघळते ती वापरू नये.

समारोप

नव्या लाकडी बाणासाठी कर्बाच्या रंगकणांची जलरोधक शाई घ्यावी. आधी लाकडावर पातळ लेप द्यावा, तो वाळल्यावर लिहावे, शाई पूर्ण वाळू द्यावी आणि मग वरचा लेप द्यावा. बाणावर पिसांजवळ लिहावे, कारण तो भाग लक्ष्यात घासत नाही. धनुष्यावर मुठीजवळ लिहावे, कारण तेथे वाक सर्वांत कमी असतो आणि लेप तडकत नाही. या मुठीला तुर्कीत 'कबझा' म्हणतात. आपला 'कब्जा' तोच.

जुन्या वस्तूंचा नियम मात्र निराळा आहे. तेथे प्रथम छायाचित्र काढावे, असलेले लेखन वाचून नोंदवावे आणि पाणी लावू नये. संग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ या राळेच्या थरावर क्रमांक लिहिण्याची पद्धत आहे. परंतु तिचे द्रावक जुन्या रोगणालाही विरघळवू शकते. म्हणून रंगवलेल्या वस्तूला सुती फितीने चिठ्ठी बांधणेच योग्य.

आपल्या अनेक महाविद्यालयांच्या कपाटांत अशा वस्तू आहेत. त्यांच्यावर आपला क्रमांक घालण्यापूर्वी, आधीपासून कोणाचे नाव आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.