वारा अडवा, घाम सोडा : सायकलस्वाराच्या हिवाळी पोशाखाचा इतिहास

थंडीत सायकल चालवणाऱ्याची अडचण पायी चालणाऱ्यापेक्षा वेगळी असते. वारा पूर्ण पडलेला असला तरी ताशी २५ किलोमीटर वेगाने निघालेला स्वार आपला वारा आपणच तयार करतो, आणि शून्य अंश तापमानात तो उघड्या कातडीला उणे ६ अंशांसारखा झोंबतो. दुसरीकडे, स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यातली जेमतेम पाव पेडलपर्यंत पोहोचते. बाकीची उष्णता होऊन अंगात राहते. म्हणून चढावर कपडे घामाने भिजतात. उतार लागला की पाय थांबतात, वेग दुप्पट-तिप्पट होतो आणि तोच घाम अंगावर गारठतो. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेत असल्याने ओल्या बनियनने पाच मिनिटांत हुडहुडी भरते. वारा बाहेर थोपवायचा आणि घामाची वाफ मात्र बाहेर सोडायची, या दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. दीडशे वर्षांत या पोशाखात जे बदल झाले, ते बहुतेक याच पेचातून.

पहिले उत्तर लोकरीचे होते. १८७८ साली इंग्लंडमधल्या हॅरोगेट इथे बायसिकल टुरिंग क्लब स्थापन झाला. पुढे त्याचेच नाव सायक्लिस्ट्स टुरिंग क्लब पडले. क्लबाचा गणवेश लोकरी कापडाचा होता : जाकीट, गुडघ्याखाली आवळलेली विजार, जाड मोजे. याच सुमारास श्टुटगार्टचे निसर्गशास्त्रज्ञ गुस्ताव येगर यांनी कातडीला फक्त प्राणिज धागा लागला पाहिजे, सुती आणि ताग-अळशीचे कापड आरोग्याला घातक आहे, असा प्रचार चालवला होता. त्यांच्या मतांवर विसंबून लंडनमध्ये १८८४ साली येगर नावाचे दुकानच निघाले, आणि नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ हे त्याचे सर्वांत गाजलेले गिऱ्हाईक. शॉ सायकलही चालवत, आणि पडतही बऱ्याचदा. येगर यांची बरीचशी मांडणी आज टिकणारी नाही, पण शिफारस मात्र अचूक निघाली. लोकरीचा धागा आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा बाष्प पोटात घेतो आणि तरीही हाताला ओला लागत नाही; त्याच्या कुरळेपणात हवा अडकून राहते. भर पावसात घोंगडीची खोळ घेऊन मेंढरांमागे उभा राहणारा सह्याद्रीतला धनगर हेच तत्त्व वापरतो.

लोकर वारा मात्र अडवत नाही, आणि धो धो पावसापुढे तिचे काही चालत नाही. चार्ल्स मॅकिंटॉश यांचे रबर लावलेले कापड १८२३ पासून उपलब्ध होते, पण त्याचा कोट घालून पेडल मारणारा अर्ध्या तासात आतूनच चिंब होई. यातून खांद्यावरून हँडलपर्यंत तंबूसारखी पसरणारी, खालून मोकळी असलेली केप रूढ झाली. आतल्या बाजूला शिवलेल्या पट्ट्यांत अंगठे अडकवले की ती उडत नसे, आणि खालून हवा खेळत राहिल्याने घाम साचत नसे. समोरून वारा आला की तिचे शीड होई, हा दोष कोणालाच काढता आला नाही. तरी दुसऱ्या महायुद्धानंतरही कित्येक वर्षे ब्रिटिश कामगार आणि शाळकरी मुले पावसात केपच वापरत होती.

खऱ्या कडाक्याची परीक्षा उत्तर अमेरिकेत झाली. अलास्कातल्या नोमच्या किनाऱ्यावर सोने सापडल्याची बातमी आली आणि १९०० सालच्या हिवाळ्यात कॅनडातल्या डॉसनहून काही जण चक्क सायकलवर निघाले. गोठलेली युकॉन नदी हाच रस्ता. अंतर सुमारे १,६०० किलोमीटर. कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी पाडलेल्या अरुंद चाकोरीतून चाक तोलत जायचे. एड जेसन फेब्रुवारीत निघाला, तेव्हा कडाक्यात वंगण गोठून चाके फिरेनात आणि टायर लाकडासारखे कडक झाले. मार्चमध्ये निघालेला मॅक्स हर्शबर्ग विशीच्याही आतला होता. त्याने अंगावरच्या कपड्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे : आत मऊ अस्तराची जाड अंतर्वस्त्रे, त्यावर फ्लॅनेलचा शर्ट, जाड ओव्हरऑल, लोकरी मॅकिनॉ कोट आणि सगळ्यात वर घट्ट विणीच्या सुती कापडाचा सैल पार्का, पायांत लोकरी मोज्यांचे दोन जोड आणि नमद्याचे उंच बूट, कान झाकणारी फरची टोपी, कोपराकडे जाणारे फरचे हातमोजे आणि नाकावर बांधायला फरचा वेगळा तुकडा. आत लोकर, बाहेर वारा अडवणारे पातळ सुती कापड, ही रचना आजच्या कोणत्याही गिर्यारोहणाच्या पुस्तकात शोभेल. वाटेत बर्फ फुटून तो नदीत पडला आणि थोडक्यात बचावला. पुढे साखळी तुटली, तेव्हा त्याने तोच मॅकिनॉ कोट काठीला अडकवून त्याचे शीड केले आणि वाऱ्यावर पुढची मजल मारली. थंडीच्या कपड्यांकडून एवढे काम क्वचितच कोणी घेतले असेल.

युरोपातल्या शर्यतपटूंना इतके कपडे परवडत नव्हते. ३ एप्रिल १९१० रोजी मिलान–सान रेमो शर्यतीत तुर्किनो खिंडीत बर्फ पडला. फ्रान्सचा यूजेन क्रिस्तोफ पोटात गोळे येऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला, तेव्हा एका माणसाने त्याला जवळच्या खानावळीत नेले. तिथे घोंगड्यात गुंडाळून ऊब आल्यावर, मालकाने दिलेली लांब विजार चढवून तो पुन्हा निघाला आणि बारा तासांहून अधिक वेळाने पहिला आला. शेवटपर्यंत पोहोचलेले स्पर्धक बोटांवर मोजण्याइतके होते, आणि विजेत्याला पुढे महिनाभर दवाखान्यात काढावा लागला.

शर्यतपटूंच्या या जमातीचा सर्वांत टिकाऊ शोध म्हणजे वर्तमानपत्र. घाटमाथ्यावर उभ्या प्रेक्षकांच्या हातातला अंक घ्यायचा, उलगडून जर्सीच्या आत छातीवर सरकवायचा आणि उतार सुरू करायचा. कागद वारा अडवतो, घडीत हवा धरतो, थोडा घामही टिपतो, आणि पायथ्याशी फेकून देता येतो. चढावर ओझे शून्य. तूर द फ्रान्स ही शर्यत मुळात ‘लोतो’ या वर्तमानपत्राने खप वाढवण्यासाठी सुरू केली होती, हे ध्यानात घेतले तर यातली गंमत कळते. बेल्जियममध्ये पायांना झणझणीत मलम चोळण्याची रीत होती. त्याने कातडी गरम वाटते, पण उष्णता काही अडत नाही.

कृत्रिम धाग्यांचे स्वागत थंडे झाले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस तूरमध्ये आघाडीवरच्या स्वाराला मिळणाऱ्या पिवळ्या जर्सीत कृत्रिम सूत मिसळले गेले, तेव्हा फ्रेंच शर्यतपटू लुईझों बोबे यांनी ती अंगाला घालायला नकार दिला आणि शुद्ध लोकरीची मागितली. पुढे १९५४ साली जुलिओ नात्ता यांनी मिलानमध्ये पॉलिप्रॉपिलीन घडवले. हा धागा पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे घाम कातडीवरून बाहेरच्या थरात जातो. १९७० च्या दशकात नॉर्वेत त्याचे बनियन निघाले. ओल्या लोकरीसारखे ते लोंबत नव्हते. दोन दिवसांत त्यांना येणारा वास मात्र कुप्रसिद्ध होता.

५ जून १९८८ रोजी जिरो द'इतालिया या इटलीतल्या अनेक दिवसांच्या शर्यतीच्या स्पर्धकांना २,६०० मीटरहून उंच गाविया खिंडीत हिमवादळाने गाठले. सेव्हन-इलेव्हन या अमेरिकी संघाच्या व्यवस्थापकांनी सकाळीच हवेचा अंदाज घेऊन गरम कपडे जमवले होते. त्यांच्या अँडी हॅम्पस्टनने अंगाला लॅनोलिन, म्हणजे लोकरीतून निघणारी चरबी, चोपडली होती आणि हातांत पाणबुड्यांसारखे निओप्रीनचे मोजे घातले होते. माथ्याजवळ त्याच्या हाती आणखी कपडे दिले गेले. माथा सर्वांत आधी गाठला तो योहान फान दर वेल्दने, पण अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत. उतारावर त्याला थांबून ऊब घ्यावी लागली आणि पाऊण तासाहून अधिक वेळ गेला. हॅम्पस्टन त्या दिवशी दुसरा आला, आघाडीची गुलाबी जर्सी मिळवली आणि शर्यतही जिंकली.

वारा अडवून वाफ सोडणाऱ्या कापडाची सुरुवात १९६९ मधली. बॉब गोर यांनी तापवलेली टेफ्लॉनची कांडी सावकाश ताणण्याऐवजी हिसका देऊन ओढली, तेव्हा तिचा सच्छिद्र पडदा बनला : छिद्रे पाण्याच्या थेंबाला बारीक, वाफेला पुरेशी मोठी. सायकलवर मात्र घाम इतका येतो की या कापडालाही दम लागतो. काखेतल्या चेन आणि पाठीवरच्या झडपा त्यामुळेच आल्या. कास्तेल्ली कंपनीच्या ‘गाब्बा’ या तंग, अर्ध्या बाह्यांच्या जर्सीने पूर्ण कोरडे राहण्याचा हट्टच सोडला. थोडे भिजा, पण वारा लागू देऊ नका, असा तिचा हिशोब. २०१३ च्या बर्फाळ मिलान–सान रेमोत स्पर्धकांना बसमध्ये बसवून तुर्किनो ओलांडावी लागली. तेव्हा इतर प्रायोजकांच्या संघांतले खेळाडूही गाब्बावरचे बोधचिन्ह काळे करून ती घालून आले होते.

हात आणि पाय यांचे कोडे वेगळे. त्यांची बोटे फारशी हलत नाहीत, वाऱ्यात सर्वांत पुढे असतात, आणि शरीर गारठले की रक्त आधी तिथूनच मागे घेते. निओप्रीनची बुटावरची खोळ हा एक उपाय. दुसरा अलास्कातला : हँडललाच कायमच्या बांधलेल्या जाड पिशव्या, ज्यांत पातळ मोज्यांनिशी हात घालायचे. १९८७ मध्ये तिथे बर्फावरची इडिटाबाइक शर्यत सुरू झाली, तेव्हापासून त्यांचा प्रसार झाला.

फिनलंडमधल्या ओलू शहरात, आर्क्टिक वर्तुळापासून काही तासांच्या अंतरावर, लोक यातले फारसे काही न वापरता हिवाळाभर सायकलने ये-जा करतात. सायकलमार्गांवरचा बर्फ पहाटेच दाबून सपाट केला जातो. अंतरे बेताची असतात. रोजचाच कोट, टोपी, जाड हातमोजे. घरातून निघताना किंचित थंडी वाजेल इतपतच कपडे घालायचे आणि घाम फुटणार नाही अशा बेताने पेडल मारायचे, ही तिथली साधी रीत आहे.