कोऱ्या नकाशावरचं शहर

जानेवारी 2010. तुम्ही बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात एका तळघरात बसला आहात. टेबलांवर लॅपटॉप, भोवती झोप उडालेले विद्यार्थी. 12 तारखेला हैतीत 7.0 तीव्रतेचा भूकंप झालाय. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स उघडा. लाखोंच्या या शहरात मोजके मोठे रस्ते, बाकी सगळं कोरं. बचाव पथकानं विमानतळाबाहेर पडून वळायचं कुठे?

उपग्रह कंपन्यांनी ताजी छायाचित्रं सर्वांसाठी मोकळी केली आहेत. तुम्ही एक चौकोन उघडता आणि गल्ली दिसेल तशी माउसनं रेघ ओढत जाता. पडलेल्या इमारतीला वेगळी खूण, अडलेल्या रस्त्याला वेगळी. मोकळ्या मैदानात निळ्या ताडपत्र्यांची दाटी दिसली की तिथे छावणी. शेजारचा चौकोन भलत्याच देशातलं कुणीतरी भरतंय. महिनाभरात असे काही शे हात या नकाशाला लागतात आणि ढिगाऱ्यांत माणसं शोधणारी पथकं तोच नकाशा आपल्या जीपीएसमध्ये भरून घेतात.

दुसऱ्या पडद्यावर 4636 या क्रमांकावर आलेले एसएमएस. हा क्रमांक हैतीच्या रेडिओवरून सांगितला जातोय. मजकूर हैतीच्या क्रेओल भाषेत, पत्ता म्हणजे एखादी शाळा, एखादं चर्च, त्याच्या मागची गल्ली. इथे यंत्र हात टेकतं. मग जगभर पांगलेले हैतीचे लोक पुढे येतात. भाषांतर तर ते करतातच, पण त्यांचं खरं मोल असं की ती गल्ली त्यांच्या पायाखालची आहे. ते नकाशावर नेमकं बोट ठेवतात. केनियात 2008 साली निवडणुकीनंतरच्या हिंसाचाराची नोंद ठेवण्यासाठी जन्मलेलं ‘उशाहिदी’ हे सॉफ्टवेअर तो ठिपका सगळ्यांना दाखवतं.

तरीही जीव तुटतो. ढिगाऱ्याखालच्या माणसाचे तास संपत असताना आपण अजून रस्तेच काढतोय. हे काम आधी व्हायला हवं होतं.

आता पाच वर्षं पुढे या. 25 एप्रिल 2015, काठमांडू, दुपारचे बारा वाजायला आलेत. जमीन हादरते. इथल्या ‘काठमांडू लिव्हिंग लॅब्स’च्या तरुणांनी खोऱ्यातल्या शाळा, दवाखाने, रस्ते कधीचेच नकाशावर चढवून ठेवलेत. तुम्ही संगणक उघडता तेव्हा दवाखान्याचं नाव तिथे आहे, आणि त्याच्याकडे जाणारी वाटही.