शाळेत परिचारिका आली तेव्हा

शाळेतल्या वैद्यकीय तपासणीचा दिवस आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. मुले रांगेत उभी राहतात. डॉक्टर डोळे, दात, कान, त्वचा पाहतात आणि काही मुलांच्या हाती चिठ्ठी देतात. पुढे त्या चिठ्ठीचे काय होते? सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्क शहरात हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. त्यातून वाट काढली ती परिचारिकांनी. ती हकीकत आपण येथे पाहू.

तपासणीने ओस पडलेले वर्ग

त्या काळी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात पूर्व युरोप आणि इटलीतून आलेली गरीब कुटुंबे दाटीवाटीने राहत होती. अनेक खोल्यांना उजेड नव्हता, पाण्याची सोय अपुरी होती. खरूज, गजकर्ण, डोक्यातील उवा आणि डोळ्यांच्या खुपऱ्या हे विकार घरोघरी आढळत. यांत खुपऱ्यांचा विकार सर्वांत गंभीर. यालाच ट्रॅकोमा म्हणतात. त्यात पापण्यांच्या आतल्या बाजूस बारीक पुटकुळ्या येतात. संसर्ग पुन्हा पुन्हा होत राहिला तर पापणी आत वळते, तिचे केस बुबुळावर घासत राहतात आणि काही वर्षांनी दृष्टी जाऊ शकते. मळके हात, एकच टॉवेल सगळ्यांनी वापरणे आणि माश्या यांमुळे हा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

१८९७ मध्ये शहराच्या आरोग्य खात्याने शाळांसाठी वैद्यकीय निरीक्षक नेमले. संसर्गजन्य रोग असलेले मूल ओळखायचे आणि त्याला कार्ड देऊन घरी पाठवायचे, हे त्यांचे मुख्य काम. १९०२ मध्ये तपासणी अधिक कडक झाली आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात १०,५६७ मुलांना शाळेबाहेर काढण्यात आले. काही वर्ग ओस पडले.

नियमामागचा विचार चुकीचा नव्हता. रोग जंतूंमुळे पसरतात हे तोवर सिद्ध झाले होते. रोगी मूल दूर ठेवले की इतर मुले वाचतील, असा सरळ हिशेब होता. पण घरी पाठवलेली मुले घरात थोडीच बसणार! संध्याकाळी ती त्याच वर्गमित्रांबरोबर रस्त्यावर खेळत. कार्डावर काय लिहिले आहे हे बहुतेक आईवडिलांना उमगत नसे. अनेकांना इंग्रजी वाचता येत नव्हते, आणि ज्यांना येत होते त्यांनाही रोगाचे नाव वाचून नेमके काय करायचे ते कळत नसे. अशा रीतीने रोग ओळखला जाई. पण तो बरा होत नसे आणि शिक्षण मात्र बुडे.

मलम घरात, आजार डोक्यावर

याच वस्तीत लिलियन वॉल्ड नावाच्या परिचारिका राहत होत्या. १८९३ मध्ये त्या येथील स्त्रियांना घरातील रुग्णसेवेचे धडे देत असताना एक लहान मुलगी त्यांना आपल्या आजारी आईकडे घेऊन गेली. त्या घराची अवस्था पाहून त्यांनी याच वस्तीत राहून काम करण्याचे ठरवले. पुढे हेन्री स्ट्रीटवरील त्यांचे घर हे घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांचे केंद्र बनले.

वॉल्ड यांनी सांगितलेला एका बारा वर्षांच्या मुलाचा अनुभव येथे महत्त्वाचा आहे. त्याच्या डोक्यावर इसब होते. शाळेत गेला की त्याला परत पाठवत. दवाखान्यातून मलमही मिळालेले होते. ते नीट लावण्याचे तेवढे राहिले होते. वॉल्ड यांनी ते काम केले आणि मुलगा आयुष्यात पहिल्यांदा शाळेत दाखल झाला. म्हणजे निदान झालेले होते, औषध घरात होते, तरी बारा वर्षांचे मूल निरक्षर राहिले होते.

एका महिन्याचा प्रयोग

वॉल्ड यांनी शहरापुढे प्रस्ताव मांडला : आमची एक परिचारिका महिनाभर शाळांत काम करील, उपयोग दिसला तर पुढे शहराने खर्च उचलावा. असा विचार अगदीच नवा नव्हता, लंडनमध्ये शालेय परिचारिकांचे काम सुरू झालेले होते. ऑक्टोबर १९०२ मध्ये मूळच्या कॅनडातील लिना रॉजर्स यांनी काम हाती घेतले. त्यांच्याकडे चार शाळा आणि सुमारे दहा हजार मुले होती. ज्या शाळांतून सर्वांत जास्त मुले घरी पाठवली जात, त्याच शाळा निवडल्या होत्या.

डॉक्टरांनी निवडलेल्या मुलांपैकी साधे विकार असलेल्यांवर रॉजर्स शाळेतच उपचार करीत. जखम धुणे, मलम लावणे, पट्टी बांधणे आणि मूल वर्गात परत पाठवणे. दिवसाचा उरलेला वेळ घरभेटींसाठी. कार्डावरच्या शब्दाचा अर्थ काय, औषध किती वेळा लावायचे, टॉवेल वेगळा का ठेवायचा, हे त्या आईला समजावून सांगत आणि तिच्यासमोर करूनही दाखवत. उवांवर तेव्हा रॉकेल आणि तेल यांचे मिश्रण वापरीत. (रॉकेल पेट घेते, म्हणून आज हा उपाय कोणीही करू नये.) एकाच मुलाचे डोके साफ करून भागत नाही, घरातील सगळ्यांचे पाहावे लागते, ही गोष्ट शाळेत बसून शिकवता येण्यासारखी नव्हती.

महिनाभरानंतर आणखी परिचारिका नेमल्या गेल्या आणि शहराने त्यासाठी तीस हजार डॉलर मंजूर केले. सप्टेंबर १९०३ मध्ये शाळेबाहेर काढलेल्या मुलांची संख्या होती १,१०१. आधीच्या वर्षाच्या जवळजवळ एक दशांश!

येथे आकड्यांकडे जरा चौकसपणे पाहू. रोग नव्वद टक्क्यांनी कमी झाले, असा याचा अर्थ नाही. पूर्वी ज्यांना घरी पाठवीत, त्यांतील पुष्कळांवर आता शाळेतच उपचार होत होते. नियम बदलला, म्हणूनही आकडा घटला. पण मुले वर्गात परतली, हे मात्र खरे.

समजावण्याचे काम राहिले की काय होते, हे याच वस्तीने १९०६ च्या जूनमध्ये दाखवले. काही शाळांत मुलांच्या नाक-घशातील वाढलेल्या ग्रंथींवर डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केल्या. डॉक्टर मुलांचे गळे कापत आहेत अशी अफवा उठली आणि हजारो आया शाळांवर धावून गेल्या. त्या आयांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण मुलांवर काय होणार आणि का होणार, हे त्यांना पटेल असे कोणी सांगितले होते का, हाही प्रश्न विचारायला हवा.

आजची चिठ्ठी

ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात खुपऱ्या हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नसल्याचे मान्य केले. या रोगाविरुद्ध जगभर वापरल्या जाणाऱ्या योजनेचे चार भाग आहेत : शस्त्रक्रिया, प्रतिजैविके, चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसर सुधारणा. पहिले दोन दवाखान्यातून मिळतात. तिसरा मात्र रोज सकाळी प्रत्येक घरात घडावा लागतो, आणि तो शिकवावाच लागतो.

२०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकात डॉक्टरांबरोबर परिचारिकेचीही योजना केलेली आहे. पथक आपल्या शाळेत येते, मुले तपासते आणि पुढच्या गावी जाते. मागे उरतो तो शिक्षक आणि मुलाच्या दप्तरातली चिठ्ठी. आम्हांला एक सुचवावेसे वाटते. यंदाच्या तपासणीनंतर दोन महिन्यांनी वरच्या वर्गातील मुलांच्या मदतीने एवढेच मोजा : चिठ्ठ्या किती दिल्या, आणि उपचार किती जणांना मिळाले. नोंदीत नावे नकोत, फक्त संख्या. दोन्हींतील अंतर मोठे निघाले, तर गावातील परिचारिकेला बरोबर घेऊन एखाद्या घरी जाऊन यावे आणि ती आईशी कशी बोलते ते ऐकावे.