देवरुखच्या दोन भगिनी : स्त्रीसमानतेच्या इतिहासाचीं दोन साधनें

कोंकणांतील घराण्यांचीं दप्तरें चाळणाऱ्या संशोधकास सनदा, महजर, वाटणीपत्रें व कर्जरोखे पुष्कळ आढळतात. परंतु त्याच घरांतील विधवेचें स्वतःचें म्हणणें क्वचितच हातीं लागतें. स्त्रीपुरुषसमतेचा इतिहास लिहावयाचा तर ही उणीव प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यापुरती ती कांहीं अंशीं भरून काढणारीं दोन आत्मचरित्रें उपलब्ध आहेत : पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ (१९२८) आणि आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचें ‘माझें पुराण’ (१९४४). दोघीही देवरुखच्या जोशी घराण्यांतील सख्ख्या बहिणी, आणि दोघींनाही वैधव्य आलें होतें.

प्रथम कायद्याचा विचार करूं. १८५६ च्या कायद्यानें विधवाविवाह वैध ठरविला. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमान्वयें, पुनर्विवाह करणारी स्त्री जणूं त्या दिवशीं मरण पावली असें समजून, पूर्वपतीच्या मिळकतींतील तिचा हक्क सामान्यतः संपुष्टांत येई. परवानगी व दंड एकाच लेखांत होते. बाया, पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, बालपणींच विधवा झाल्या. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस काढलेल्या शारदा सदनांत त्या शिकल्या, आणि ११ मार्च १८९३ रोजीं पुण्यास धोंडो केशव कर्वे यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. कायदा होऊन तेव्हां ३७ वर्षें लोटलीं होतीं. तरीही कर्व्यांच्या मुरूड गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. सरकारचा कायदा मुरूडच्या ओटीवर पोंचला नव्हता.

धाकट्या पार्वतीबाईंनीं पुनर्विवाह केला नाहीं. कर्व्यांनीं १८९६ सालीं स्थापिलेल्या व १९०० सालीं हिंगण्यास नेलेल्या आश्रमांत त्यांनीं काम केलें, वर्गणीसाठीं गांवोगांव प्रवास केला, आणि १९१८ सालीं त्या अमेरिकेसही गेल्या. एक बहीण पुन्हां संसारांत पडली, दुसरी पडली नाहीं. दोघींत समान गोष्ट एवढीच कीं, शिक्षणानें त्यांना स्वतःच्या पायांवर उभें केलें. यास्तव सुधारणेचा इतिहास केवळ पुनर्विवाहांच्या यादीवरून मांडणें अपुरें आहे, असें आमचें मत आहे.

या साधनांची मर्यादाही सांगितली पाहिजे. हीं ब्राह्मण घरांतील पुस्तकें होत. ज्या अनेक जातींत पाट लावण्याची चाल होती, त्यांतील स्त्रियांचे प्रश्न निराळे होते. पुरुष मुंबईस गिरणींत आणि स्त्री गांवीं शेतांत, अशा घरांचा पुरावा पत्रांत व मनिऑर्डरीच्या पावत्यांत शोधावा लागेल.

कायदा व व्यवहार यांतील अंतर आजही दप्तरांत दिसतें. अविभक्त कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस जन्मतः हक्क महाराष्ट्रानें १९९४ सालीं व केंद्रानें २००५ सालीं दिला. परंतु बहिणींनीं भावांच्या नांवें लिहून दिलेलीं हक्कसोडपत्रें त्यानंतरचींही आहेत. पुढील संशोधकास तींच मुरूडच्या बहिष्काराइतकीं बोलकीं वाटतील.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, दप्तर निवडतांना सनदा ठेवून बायकांचीं पत्रें, हिशेबाच्या वह्या व हक्कसोडपत्रें रद्दींत टाकूं नयेत. देवरुखच्या दोघींनीं आपली हकीकत स्वतः लिहिली म्हणून ती उरली. ज्यांनीं लिहिली नाहीं, त्यांची याच कागदांत शिल्लक आहे.