उरलेल्या भ्रूणांचे काय होते?

अंकुशनगरसारख्या साखर कारखान्याच्या गावातल्या मुलांना गायींच्या कृत्रिम रेतनासाठी आणलेले वाफाळणारे भांडे नवे नसते. त्यात उणे 196 अंश सेल्सिअस तापमानाचा द्रवरूप नायट्रोजन असतो. शहरांतल्या वंध्यत्व-उपचार केंद्रांत तशाच भांड्यांत मानवी भ्रूण ठेवलेले असतात. ते तिथे का येतात आणि पुढे त्यांचे काय होते? त्यासाठी थोडे मागे जाऊ.

इंग्लंडमध्ये 25 जुलै 1978 रोजी पहिली ‘टेस्ट ट्यूब बेबी’ जन्मली. आईच्या नैसर्गिक चक्रातले एकच स्त्रीबीज घेतले, त्याचे फलन केले आणि तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडला. मागे काही उरलेच नाही.

कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी वेगळी वाट धरली. संप्रेरके देऊन त्यांनी एकाच वेळी अनेक स्त्रीबीजे मिळवली. पण संप्रेरके दिलेल्या चक्रात गर्भाशयाचे अस्तर भ्रूण रुजायला तितके अनुकूल नसते. म्हणून त्यांनी भ्रूण गोठवून ठेवला आणि नंतरच्या नैसर्गिक चक्रात सोडला. गोठताना पेशीत बर्फाचे स्फटिक झाले तर पेशी मरते. ते टाळण्यासाठी त्यांनी डायमिथिल सल्फॉक्साइड वापरले. 3 ऑक्टोबर 1978 रोजी मुलगी जन्मली. सरकारी समितीने मात्र त्यांचे म्हणणे मानले नाही. 1981 साली त्यांनी आत्महत्या केली.

मुंबईत परळला, के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. इंदिरा हिंदुजा आणि प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून 6 ऑगस्ट 1986 रोजी एक मुलगी जन्मली. भारतातली पहिली म्हणून तिचेच नाव झाले. पण मुखोपाध्यायांच्या नोंदी तपासल्यावर आनंद कुमार यांनी 1997 साली स्वतः लिहिले, की पहिलेपणाचा मान त्यांचा आहे.

पुढे मुखोपाध्यायांचीच रीत जगभर रूढ झाली : अनेक स्त्रीबीजे घ्यायची, एक-दोन भ्रूण सोडायचे, उरलेले गोठवायचे. त्यांतले काही त्याच जोडप्याच्या पुढच्या प्रयत्नाला उपयोगी पडतात. बाकीच्यांचा प्रश्न मात्र उरतो. ब्रिटनमध्ये पाच वर्षांची मुदत संपल्यामुळे ऑगस्ट 1996 मध्ये सुमारे 3,300 भ्रूण नष्ट करण्यात आले. परळच्या त्याच संस्थेत वेगळे घडले. जोडप्यांनी संशोधनासाठी दिलेल्या भ्रूणांपासून मूलपेशींच्या दोन वंशावळी तयार झाल्या. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधाच्या लेखकांत डॉ. हिंदुजाही होत्या.

भारतात यासंबंधीचा कायदा 2021 साली झाला, म्हणजे कलकत्त्यातल्या त्या जन्मानंतर 43 वर्षांनी. भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे साठवता येतात. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचे. त्यांची विक्री करता येत नाही.

पाचव्या दिवशी भ्रूण सुमारे शंभर पेशींचा, जेमतेम ठिपक्याएवढा असतो. त्याला नुसता पेशींचा पुंजका म्हणायचे की होऊ घातलेले मूल, हे सूक्ष्मदर्शकातून ठरत नाही. आम्ही संशोधक पेशी मोजू शकतो; निर्णय जोडप्याचा. संमतिपत्रावर सही करताना त्यांचे सारे लक्ष येणाऱ्या बाळाकडे असते. उरलेल्या भ्रूणांविषयी त्यांच्याशी बोलायची वेळ तीच असते. पेशींचा धडा शिकवताना वर्गात हा प्रश्न जरूर मांडावा. उत्तर मात्र देण्याची घाई करू नये.