पॉइंट टू-टू रायफल निवडताना

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक पटकावले आणि एरवी क्रीडापानाच्या तळाशी जागा मिळणारा हा प्रकार घराघरांत पोहोचला. अंतिम फेरीत त्याने ४४ गोळ्यांत ४५१.४ गुण मिळविले. म्हणजे प्रत्येक गोळीमागे सरासरी दहापेक्षा किंचित अधिक. गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभ्याने अशा तीन स्थितींत ही सरासरी टिकवावी लागते. नेमबाजाचे कसब त्यात मोठे असते, हे खरेच. पण दहाच्या वर्तुळात जाणारी गोळी ज्या शस्त्रातून सुटते, त्याच्या निवडीतही वर्षानुवर्षांचा अनुभव ओतलेला असतो. हे शस्त्र म्हणजे .२२ बोअरची रिमफायर रायफल.

एनसीसीत गेलेल्यांना 'पॉइंट टू-टू' हे नाव नवे नाही. शिबिरात आखूड पल्ल्याच्या रेंजवर पालथे पडून पाच-पाच गोळ्या झाडायच्या आणि कागदावरचे 'ग्रुपिंग' उस्तादांना दाखवायचे, ही आठवण अनेकांपाशी असते. त्याच जातीची स्पर्धेची रायफल मात्र सर्वस्वी निराळी वस्तू आहे. घरातील मुलगा किंवा मुलगी एअर रायफलनंतर ५० मीटरकडे वळू लागली, की पालकांपुढे लाखांच्या घरातील खरेदीचा प्रश्न उभा राहतो. ही खरेदी चुकली, तर दुकानात नेऊन बदलून आणता येत नाही. तिची नोंद परवान्यावर झालेली असते.

कडेवर बसणारा घाव

रिमफायर काडतुसात ठिणगी पाडणारे मिश्रण तळाच्या मध्यभागी नसते, तर तळाच्या कडेच्या पोकळीत भरलेले असते. फायरिंग पिन या कडेवर आदळते, कड चेपली जाते आणि दारू पेटते. कड चेपली जावी म्हणून पितळ पातळ ठेवावे लागते. पातळ पितळ मोठा दाब सोसत नाही. त्यामुळे ही काडतुसे लहान, सौम्य आणि तुलनेने स्वस्त राहिली. .२२ शॉर्ट हे काडतूस अमेरिकेत १८५७ मध्ये आले आणि आज जगभर वापरले जाणारे .२२ लाँग रायफल १८८७ मध्ये. त्याची शिशाची गोळी सामान्यतः ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते.

या रचनेत एक मेख आहे. मोठ्या बोअरच्या रायफलींचा हौशी नेमबाज रिकामी पितळी टोपणे घरी पुन्हा भरून आपल्या नळीला मानवेल असे काडतूस तयार करू शकतो. रिमफायरमध्ये ती सोय नाही. कड एकदा चेपली की टोपण निकामी. कारखान्याने जे भरले, तेच वापरायचे. कडेतील मिश्रण सर्वत्र सारखे पसरले आहे का, दारूचे वजन कणाकणाने जुळते का, गोळीवरचा मेणाचा थर एकसारखा आहे का, यातले काहीही नेमबाजाच्या हाती नसते. अचूक रायफलीचा शोध घेताना निम्मे लक्ष काडतुसाकडे द्यावे लागते, त्याचे मूळ येथे आहे.

शिकारीची रायफल वेगळी

इंग्रजी पुस्तकांत व परदेशी कॅटलॉगांत .२२ रायफलींची वर्णने वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेत खारी आणि ब्रिटनमध्ये ससे मारण्यासाठी हीच काडतुसे सर्रास वापरली जातात आणि बाजारातील बहुसंख्य मॉडेल त्या ग्राहकासाठी बनतात. रानात दिवसभर खांद्यावर वागवायची म्हणून ती अडीच-तीन किलोची, मॅगझिन असलेली आणि दुर्बीण बसविण्याजोगी असते. १९६४ मध्ये बाजारात आलेली रुगर १०/२२ ही अर्धस्वयंचलित रायफल याच वर्गातील. चेकोस्लोव्हाकियाची परंपरा सांगणाऱ्या सीझेडच्या बोल्ट रायफली त्याहून अचूक मानल्या जातात आणि शिकार व क्लबातील नेमबाजी अशी दोन्ही कामे करतात. तिकडच्या जबाबदार शिकाऱ्यालाही अचूकता हवीच असते. सशाचे डोके लहान. गोळी दोन बोटे सरकली तर जनावर जखमी होऊन बिळात तडफडत मरते.

भारतात हा उपयोग उरलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली. पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरांबाबत सरकार विशेष परवानगी देते तेव्हाही .२२ चा विचार करू नये. एवढ्या मोठ्या जनावरापुढे हे काडतूस दुबळे आहे. आपल्याकडे ही रायफल घ्यायची ती फक्त कागदी वा इलेक्ट्रॉनिक लक्ष्यासाठी. त्यामुळे हलके वजन, भरपूर गोळ्यांचे मॅगझिन, झटपट दुसरी गोळी ही कॅटलॉगातील कौतुके आपल्या कामाची नाहीत. स्पर्धेच्या रायफलीत एका वेळी एकच गोळी हाताने भरतात आणि तिचे वजन सात किलोंच्या आसपास जाते. जड नळी कमी थरथरते, हाताचा सूक्ष्म कंप वजनात विरतो.

सौम्य काडतूस म्हणून निष्काळजी होणाऱ्यांसाठी एवढे सांगणे पुरे, की मोकळ्या जागेत ही गोळी दीड किलोमीटरहून दूर जाऊ शकते. रेंजबाहेर तिला जागा नाही.

सोळा मिलिमीटरचे गणित

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ५० मीटर लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. पुढील प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरने बाहेर सरकते. गोळीच्या छिद्राची कड वर्तुळाला स्पर्शली तरी गुण मिळतो. गोळी ५.६ मिलिमीटरची धरली, तर छिद्रांचे मध्य १६ मिलिमीटरच्या वर्तुळात राहिले की सर्व गोळ्या दहा. मग १६ मिलिमीटरचे ग्रुपिंग देणारी रायफल पुरेशी का नाही? कारण ती सगळी जागा रायफलच खाऊन टाकते. नेमबाजाच्या श्वासाला, नाडीला आणि वाऱ्याला काहीच शिल्लक राहत नाही. रायफल आणि काडतूस यांची जोडी दहा-बारा मिलिमीटरमध्ये गोळ्या ठेवीत असेल, तेव्हा कुठे माणसाला चूक करायला थोडी जागा मिळते.

वाऱ्याचा हिशेबही पाहावा. ताशी पंधरा किलोमीटरचा आडवा वारा ५० मीटरवर या गोळीला सुमारे दोन सेंटीमीटर ढकलतो. दहाचा नेम आठवर जातो. अधिक वेगवान काडतूस घेतल्यास वारा कमी लागेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलट घडते. ध्वनीच्या वेगापलीकडे सुटलेली गोळी हवेच्या विरोधाने झपाट्याने मंदावते आणि वारा तिला अधिक सरकवतो. शिवाय ध्वनीच्या वेगाची सीमा उलटी ओलांडताना तिचा तोल ढळतो. म्हणून स्पर्धेची काडतुसे सेकंदाला ३२० ते ३३० मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या थोडी खाली ठेवलेली असतात. 'हाय व्हेलॉसिटी' अशी छाप असलेला डबा स्वस्त मिळाला तरी परत ठेवावा.

नळीबाबतही असाच एक गैरसमज आढळतो. लांब नळी म्हणजे अधिक अचूक, ही समजूत चुकीची आहे. .२२ ची दारू साधारण चाळीस सेंटीमीटरच्या आत जळून संपते. त्यापुढील लांबीने वेग वाढत नाही. अचूकता अवलंबून असते ती नळीच्या आतील खोबणी किती एकसारख्या आहेत, काडतूस बसण्याचा कक्ष किती नेमका कोरला आहे आणि गोळी बाहेर पडते ते तोंड किती निर्दोष आहे यावर. तोंडाच्या कडेला नखाएवढीही ठेच असेल, तर मागील सारी कारागिरी वाया जाते. सेकंड हँड रायफल पाहताना पहिली नजर तेथे टाकावी.

जर्मनीतील उल्मच्या अ‍ॅन्शुट्झ कंपनीचे नाव या क्षेत्रात दबदबा राखून आहे. वाल्थर, फाइनवेर्कबाऊ आणि स्वित्झर्लंडची ब्लायकर याही पहिल्या पंक्तीत बसतात. यांच्यात श्रेष्ठ कोण, हा वाद रेंजवरच्या चहासोबत रंगतो. पण तो बहुतांशी निरर्थक आहे. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, लागोपाठ क्रमांकाच्या दोन नळ्या एकाच काडतुसाने वेगळे निकाल देतात. एली टेनेक्स, लापुआ किंवा आरडब्ल्यूएसची उंची काडतुसेही लॉटप्रमाणे बदलतात. एका नळीला मानवणारा लॉट शेजारच्या नळीत फिसकटतो. म्हणूनच जगभरचे अव्वल नेमबाज आपली रायफल घेऊन काडतूस कंपन्यांच्या चाचणी रेंजवर जातात, ती शिकंजात आवळून लॉटमागून लॉट तपासतात आणि पसंतीचा लॉट वर्षभराचा उचलतात.

येथील खरेदीदाराला एवढे शक्य नसले, तरी यातला धडा तोच. चार-पाच लॉटचे एकेक डबे मिळवावेत, रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून अनुभवी प्रशिक्षकाकडून ५० मीटरवर झाडून घ्यावी. काडतूस बदलल्यावर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नयेत. नळीत आधीच्या मेणाचा लेप असतो. पाच गोळ्यांचे एखादे सुंदर ग्रुपिंग पाहून भुलू नये. पाच गोळ्या योगायोगाने जवळ पडतात. दहा-दहा गोळ्यांची चार ग्रुपिंग सारखी आली तर ती रायफलची साक्ष. विक्रेता अशी चाचणी नाकारत असेल, तर किंमत कितीही ओढाळ असो, पुढच्या रायफलीकडे वळावे.

अंगाला बसणारे शस्त्र

चाप शंभर ग्रॅमच्या आसपास, दोन टप्प्यांत दबणारा आणि दुसरा टप्पा काचेच्या काडीसारखा तुटणारा हवा. मागील दृष्टिछिद्र आणि पुढील गोल कडे यांच्या खुणा एका 'क्लिक'ने नेमक्या व प्रत्येक वेळी तेवढ्याच सरकायला हव्यात. चांगल्या स्पर्धा रायफलीत या गोष्टी असतातच. त्यावर फार वेळ दवडण्याचे कारण नाही.

दस्त्याकडे मात्र तेवढे लक्ष दिले जात नाही आणि तेथेच तरुण नेमबाजांचे गुण गळतात. गाल टेकतो ती पट्टी, खांद्यावरचा हूक, तळहाताचा आधार, दस्त्याची लांबी हे सारे कमी-जास्त होणारे असावे. पंधरा वर्षांच्या मुलीच्या खांद्याचे माप दोन वर्षांत बदलते. मान वाकवून नेम धरावा लागत असेल, तर साठाव्या गोळीपर्यंत डोळ्यापुढे अंधारी येते, मग नळी सोन्याची का असेना. डावखुऱ्याने उजव्या हाताची रायफल स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. किशोरवयीनांसाठी अ‍ॅल्युमिनियमचे दस्ते सोयीचे ठरतात. ते पुष्कळ अंगांनी सरकविता येतात आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लाकडासारखे फुगत नाहीत.

परवान्याची वाट

एअर रायफलीसाठी ठरावीक शक्तीपर्यंत परवाना लागत नाही; .२२ साठी लागतोच. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम त्यासाठी लागू आहेत. शहरांत पोलीस आयुक्तांकडे, अन्यत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे बाळगण्याची मर्यादा घातली. नेमबाजांना सवलती आहेत, पण त्या संघटनेचे सदस्यत्व आणि स्पर्धांतील कामगिरी यांवर अवलंबून असतात. परदेशी शस्त्राची आयात सामान्य नागरिकाला खुली नाही. नॅशनल रायफल असोसिएशनने मान्यता दिलेल्या नेमबाजालाच तो मार्ग मिळतो. ही संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी म्हणून भरते.

या वाटेचा व्यावहारिक अर्थ असा, की पहिली दोन वर्षे क्लबच्या किंवा प्रशिक्षकाच्या रायफलीवर काढणे शहाणपणाचे. आपल्याला कोणता दस्ता मानवतो, झोपून आपले गुण किती आणि उभ्याने किती, हे तोवर कळते. त्यानंतर निवृत्त होणाऱ्या नेमबाजाची रायफल मिळाली तर नवीपेक्षा तीच सरस ठरू शकते. शिशाची मऊ गोळी नळीला फारसे झिजवत नाही. हजारो गोळ्या झाडलेली नळीही उत्तम चालते. नळी बिघडते ती बहुधा साफसफाईच्या गजाने. गज तोंडाकडून घुसवला गेला असेल, तर कडा खरवडलेल्या दिसतात. कागदपत्रांवरील क्रमांक आणि धातूवर कोरलेला क्रमांक जुळतो का, हे पैसे देण्याआधी स्वतः वाचून पाहावे.

रायफल घेतल्यावर उरलेली रक्कम सुशोभित पेटीवर उधळू नये. पेटीतील स्पंज जूनपासून दमट होतो आणि ऑगस्टपर्यंत नळीवर तांबूस ठिपके उमटतात. सरावाहून आल्यावर रायफल पेटीबाहेर काढून पुसावी, तेलाचा पातळ हात फिरवावा आणि ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवून कुलूपबंद कपाटात उभी करावी. वाचलेल्या पैशांतून चाचणीत पसंत पडलेल्या लॉटचे आणखी काही डबे, परवान्यावरील संख्येच्या मर्यादेत, तत्काळ घेऊन ठेवावेत. पुढच्या वेळी दुकानात तोच लॉट असेलच असे नाही.