कॉरोनरचा कागद व त्याची पारख

अपमृत्यूची चौकशी करणारा अंमलदार, एवढीच कॉरोनरची ओळख आपणांकडे आहे. मुंबईंत तो हुद्दा १९९९ पर्यंत होता. परंतु इंग्लंडांत त्याचा उगम पाहूं गेल्यास खजिन्याशीं गांठ पडते. पहिल्या रिचर्डच्या सुटकेच्या खंडणीनें तिजोरी रिती झाली असतां, इ. स. ११९४ त, प्रत्येक काउंटींत तीन सरदार व एक कारकून निवडून त्यांनीं राजाकडील दाव्यांची राखण करावी असें ठरलें. लॅटिनांत मुकुटास 'कोरोना' म्हणतात, त्यावरून हें नांव.

प्रेत पाहणें, शेजारच्या गांवकऱ्यांच्या जबान्या घेणें, खुन्याची मालमत्ता आंकणें, पुरलेलें धन निघाल्यास त्याचा तपास करणें, हीं त्याचीं कामें. ज्या गाडीनें वा घोड्यानें मनुष्य मेला त्याची किंमतही राजाकडे जमा होई. ही चाल १८४६ त बंद पडली. फिरते न्यायाधीश आले म्हणजे कॉरोनरची गुंडाळी त्यांपुढें उलगडत, आणि गांवकऱ्यांचें सांगणें तिच्याशीं न जुळल्यास गांवास दंड बसे. सारांश, हा कागद जितका न्यायाचा तितकाच वसुलीचा.

संग्राहकांनीं हें ध्यानांत ठेवावें असें आम्हांस वाटतें. नाटककार ख्रिस्तोफर मार्लो ३० मे १५९३ रोजीं डेटफर्ड येथें मारला गेला. त्याचा चौकशीचा कागद लेस्ली हॉटसन यांनीं लंडनच्या सरकारी दफ्तरांतून शोधून १९२५ त प्रसिद्ध केला. खंजीर बारा पेन्स किंमतीचा, जखम दोन इंच खोल व एक इंच रुंद, असा त्यांत तपशील आहे. इतके नेमके आंकडे पाहून वाचक सर्वच मजकूर खरा मानूं लागतो. पण शस्त्राची किंमत लिहिणें हा त्या कागदांचा ठरीव शिरस्ता होता. जखम तर सोळा पंचांनीं स्वतः पाहिली. मार्लोनेंच प्रथम वार केला, ही गोष्ट मात्र खोलींत जिवंत उरलेल्या तिघांनाच ठाऊक, व त्यांतला एक मारणारा. त्यास महिन्याच्या आंतच माफी मिळाली. तेव्हां आंकडे ग्राह्य धरून भांडणाची हकीकत आम्ही निराळी ठेवतों.

आणखी एक. राणीच्या मुक्कामापासून बारा मैलांच्या आंत शाही कॉरोनरनें काउंटीच्या कॉरोनरसह बसावें, असा १३०० चा कायदा होता. या कागदावर विल्यम डॅनबी या शाही कॉरोनरचें एकट्याचेंच नांव आहे.